सड्यावर भाजीचे वाफे करायला ट्रॉलीची माती घेतली, त्याचा सविस्तर रिव्ह्यू

आधी रेट सांगते, कारण सगळे तेच विचारतात. मळ्याची म्हणजे भातखाचराची माती, ट्रॅक्टरची एक ट्रॉली, रत्नागिरीजवळच्या पावस-गोळप भागात दारापर्यंत आणून २८०० रुपये. गेल्या उन्हाळ्याचा रेट आहे हा, डिझेल वाढलं तर थोडा इकडेतिकडे धरा. मातीला चार स्टार, मापाला दोन, माणसाच्या वागण्याला साडेतीन. ट्रॅक्टरवाल्याचं नाव देत नाही कारण आमच्या भागात हा धंदा करणारे बरेच आहेत आणि सगळ्यांची पद्धत साधारण हीच, त्यामुळे हे सगळं कुठल्याही ट्रॉलीवाल्याला लागू पडेल असं समजून वाचा.

मुंबईच्या नातेवाइकांना फोनवर सांगितलं की माती विकत घेतेय तर हसायलाच लागले, कोकणात माती विकत?? त्यांना काय सांगायचं. गाडी पावसच्या रस्त्याला लागली की दोन्हीकडे जे काळं-तांबडं पसरलेलं दिसतं ना तो सडा, सगळा जांभा दगड, वर वीतभर माती असली तर नशीब. पावसाळ्यात गवत आणि फुलं येतात म्हणून हिरवागार दिसतो, पण मे महिन्यात त्यावर कुदळ मारा, ठण्ण करून आवाज येतो आणि हाताला झिणझिण्या. इथली आंब्याची कलमंसुद्धा कातळात खड्डे मारून, बाहेरची माती आणून भरून लावलेली आहेत. त्यामुळे बाहेरून माती आणणं आमच्याकडे काही नवीन नाही, फक्त पूर्वी घरची बैलगाडी आणि घरची माणसं होती, आता ट्रॅक्टर आणि जीपे आहे.

तर माझी गरज अशी होती. चार वाफे, प्रत्येक १२ फूट लांब, ४ फूट रुंद, सव्वा फूट उंच. जुना मांगर (शेतावरचं छोटं घर) पाडला त्याचे चिरे म्हणजे जांभ्याचे कापीव दगड पडून होते, त्याचीच कड रचली, म्हणून तो खर्च नाही, नाहीतर नवे चिरे घेऊन एवढे वाफे बांधायचे तर मातीपेक्षा चिऱ्यांचंच बिल मोठं होईल हे लक्षात ठेवा. रुंदी ४ फुटांपेक्षा जास्त करू नका, दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचायला हवा, वाफ्यात पाय टाकला की माती दबली. आता हिशोब: १२ गुणिले ४ गुणिले सव्वा म्हणजे ६० घनफूट, चार वाफ्यांचे २४० घनफूट. इकडे माती, वाळू, खडी सगळं ब्रासमध्ये चालतं, १०० घनफूट म्हणजे एक ब्रास, म्हणजे मला साधारण २.४ ब्रास भरणं हवं होतं. हा आकडा हातात असल्याशिवाय कोणालाही फोन करू नका, कारण समोरचा विचारतो किती पाहिजे आणि तुम्ही म्हणता चार वाफ्यांपुरती, मग तो ठरवेल तेवढी.

पहिल्यांदा अर्थातच नर्सरीत गेले. हायवेवरच्या एका नर्सरीत तयार मिक्स मिळतं, माती, शेणखत, कोकोपीट मिसळून २५ किलोची गोणी १२० रुपयांना. माल खरंच चांगला, हातात घेतला तर भुसभुशीत, वासही छान, खोटं कशाला बोलू. पण गोणीत भरतं किती तर पाऊण घनफुटाच्याही आत. २४० घनफुटाला साडेतीनशेच्या आसपास गोण्या लागतात आणि बिल होतं ४१ हजार! एवढ्या पैशात आमच्या घरी कित्येक वर्षांची भाजी येईल बाजारातून. गॅलरीत दहा कुंड्या असतील, फ्लॅटमध्ये राहत असाल, तर गोणीच घ्या, पाच स्टार, डोळे मिटून. जमिनीवरच्या वाफ्याला नको. आणि मालकांनी स्वतःच हे सांगितलं, म्हणाले, "वहिनी, वाफ्याला ह्यातलं घेऊ नका, परवडायचं नाही, कोण ट्रॅक्टरवाला बघा." असा दुकानदार हल्ली दुर्मीळ, म्हणून तिथून दोन गोण्या रोपं करायला घेतल्याच.

दुसरा पर्याय फुकटचा, आणि तो सगळ्यात जास्त लोकांना मोहात पाडतो. कुठेतरी प्लॉट सपाट करायचं काम चालू असतं, जेसीबी डोंगर कापत असतो, ती लाल माती टाकायला त्यांना जागाच हवी असते. डंपरवाला म्हणतो फक्त वाहतुकीचे द्या. हायवेचं चौपदरीकरण सुरू झाल्यापासून तर अशा मातीचे ढीग जागोजागी दिसतात. दिसायला एकदम मस्त, लालभडक, फोटोत तर फारच सुंदर. पण ती वरची माती नसते हो, ती जमिनीच्या पोटातली, दहा-पंधरा फुटांखालची. तिच्यात कुजलेला पाला नाही, गांडूळ नाही, काही नाही, नुसता मुरूम आणि चिकण. पहिला पाऊस पडला की वर साय धरल्यासारखी चिकट होते आणि ऊन पडलं की विटेसारखी कडक, बी उगवून वर यायलाच जागा नाही. शिवाय आमच्या लाल मातीत लोह आणि ॲल्युमिनियम इतकं असतं की तुम्ही घातलेलं स्फुरद (फॉस्फरस) ते धरून ठेवतं, झाडाला मिळू देत नाही, त्यात सेंद्रिय काहीच नसेल तर मग बघायलाच नको. शेजाऱ्यांनी ती भरली, दोन डंपर, त्यांच्या वांग्यांची पानं अजून जांभळट दिसतात, स्फुरद न मिळाल्याची खूण ती. अंगण भरायला, रस्त्याचे खड्डे बुजवायला, वाफ्याच्या खाली उतार सारखा करायला ही माती चालेल. भाजीला एक स्टार, तोही फुकट आहे म्हणून.

नदीच्या गाळाचंही बघितलं. माझी नणंद चिपळूणला असते, तिकडे २२ जुलै २०२१ च्या महापुरानंतर वाशिष्ठीतला गाळ काढायचं मोठं काम झालं तेव्हा बऱ्याच लोकांनी तो सखल जागेत भरून घेतला. तिच्या परसात आहे तो. तिचा अनुभव असा की गाळ गाळात फरक असतो, एका ट्रॉलीत मऊ लोण्यासारखी माती आणि दुसरीत नुसती वाळू आणि गोटे. भाजी येते त्यात, पण पाणी थांबत नाही, उन्हाळ्यात दोनदा पाणी घालावं लागतं. आणि आपल्याकडे एक धोका जास्तीचा, खाडी. जिथपर्यंत भरतीचं पाणी चढतं तिथला गाळ घेऊच नका, खाजणाच्या (खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या) कडेची मातीसुद्धा नको, कितीही काळी आणि सुपीक दिसली तरी. ती उन्हात वाळली की वर पांढरट थर येतो, तो मिठाचा. एकदा का असली माती वाफ्यात पडली की एक-दोन पावसाळे धुऊन जायची वाट बघत बसायची.

आता मेन विषय. मळ्याची माती म्हणजे भातखाचराची, खालच्या अंगाला, नदीच्या नाहीतर ओढ्याच्या काठच्या मळ्यांची. पिढ्यान्‌पिढ्या डोंगरावरून वाहून आलेली माती तिथे साठलेली असते, शेणखत पडलेलं असतं, त्यामुळे रंग जरा काळपट-तपकिरी. ह्यावर कोणीही विचारेल की अहो भाताच्या जमिनीची माती उचलायची म्हणजे शेतकऱ्याच्या पोटावर पाय. बरोबर आहे, मलाही तेच खटकत होतं, म्हणून फोनवर पहिला प्रश्न मी हाच विचारला की माती काढताय कुठून. ह्या माणसाकडे सध्या जी माती होती ती एका ठिकाणी मळ्यातच घराचा पाया काढायचं आणि विहीर रुंद करायचं काम चालू होतं तिथली, म्हणजे नाहीतरी ती उचलावीच लागणार होती. अशी माती मिळाली तर घ्या, नाहीतर थांबा. आणि दुसरं, माती-मुरूम हे गौण खनिजात येतं, वाहतुकीला पास लागतो. पास आहे का असं सरळ विचारायचं. आढेवेढे घेतले की समजायचं. रात्री दहानंतर आणून टाकतो म्हणणाऱ्याकडून तर घेऊच नका, मध्ये कोणी अडवलं की माती राहते रस्त्यात आणि तुमचा ॲडव्हान्स त्याच्या खिशात.

फोनवर ठरवू नका, जाऊन बघा. स्कूटरवरून गेलो आम्ही दोघं, ह्यांना वाटत होतं माती काय बघायची, माती ती माती. पण बघण्यासारखं बरंच असतं. आजूबाजूला लव्हाळा आहे का ते मी आधी बघितलं. लव्हाळ्याच्या गाठी मातीत एकीला एक जोडून साखळीसारख्या असतात, खुरप्याने वरचं पातं कापलं की खालून चार नवीन, आणि त्या गाठी एकदा तुमच्या वाफ्यात आल्या की तुमच्यानंतर तुमची मुलं ते उपटत बसतील. बांधाकडच्या, जरा उंच सुक्या भागातल्या मातीत तो जास्त सापडतो, खाचराच्या मध्ये जिथे पाणी उभं राहतं तिथे कमी. म्हणून मी सरळ सांगितलं, "बांधाची माती नको, मधली द्या." ट्रॅक्टरवाला माझ्याकडे बघतच राहिला, मग म्हणाला, "वहिनी, तुम्ही माहेरच्या शेतकरी दिसताय." हो म्हटलं, आहेच. तिथून पुढे त्याने मला गंडवायचा प्रयत्न जरा कमी केला. कमी म्हणतेय, बंद नाही.

कारण मापात केलंच. ट्रॉली म्हणजे ब्रास, असं हे सगळे तोंडाने म्हणतात. "ट्रॉली म्हंजे एक ब्रासच वो, त्यात काय मोजायचं." मोजायचं. टेप घेऊन मोजायचं. ह्याची ट्रॉली आतून १० फूट बाय ६ फूट, कड दीड फूट, म्हणजे काठोकाठ भरली तर ९० घनफूट, ब्रासला दहा कमीच. तेही मान्य केलं मी, ९० घनफुटाला २८०० म्हणजे घनफुटाला ३१ रुपये पडले, नर्सरीच्या गोणीचा तोच हिशोब १७० च्या पुढे जातो, अजून काय पाहिजे. पहिली ट्रॉली खरंच काठोकाठ आली, वर थोडी शीगसुद्धा. दुसरी आली ती मात्र मध्ये फुगवटा आणि कडेला खाली, लांबून बघितलं तर भरलेली वाटते. वर चढून फावड्याने सारखी करायला लावली आणि टेप लावली तर उंची एक फूट दोन इंच. म्हणजे ७० घनफूट. मी काही आरडाओरडा केला नाही, मोबाईलवर गुणाकार करून दाखवला, २२०० होतात म्हटलं. तो म्हणे रस्त्यात सांडली. बरं म्हटलं, सांडलेल्याचे पैसे ज्याच्या दारात सांडली त्याच्याकडून घ्या. शेवटी २२०० वर तयार झाला आणि चहा पण पिऊन गेला. म्हणून मापाला दोन स्टार, वागण्याला साडेतीन, कारण उलटून बोलला नाही आणि दुसऱ्या दिवशी स्वतःहून फोन करून विचारलं की माती बरी निघाली का.

अजून एक खर्च ज्याबद्दल कोणी बोलत नाही. दारापर्यंत म्हणजे कुठपर्यंत? आमच्या घराला रस्त्यावरून पाखाडी आहे, पंचवीसेक पायऱ्या. ट्रॅक्टर काही पाखाडी उतरत नाही. माती पडली रस्त्याच्या कडेला आणि तिथून घमेल्याने वाहून आणावी लागली. एका ट्रॉलीत तीन-सव्वातीन टन माती असते, घमेल्याचा हिशोब केला तर दोनशेच्या वर घमेली, आणि दोन ट्रॉल्या. दोन गडी दोन दिवस, ७०० रुपये हजेरीने २८०० तिथे गेले. म्हणजे एका ट्रॉलीची किंमत नुसती वाहतुकीत. तुमच्या घरापर्यंत गाडी येत असेल तर हा खर्च वजा करा आणि देवाचे आभार माना. रस्त्याकडेला माती पडणार असेल तर आधी शेजारपाजारच्यांना सांगून ठेवा, खाली जुनं ताडपत्रीचं कापड टाका, नाहीतर शेवटची दहा-पंधरा घमेली रस्त्याच्या खडीसकट येतात.

मातीची क्वालिटी. ऑर्डर द्यायच्या आधी मी पिशवीभर नमुना आणला होता. काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती, बाकी पाणी, खळाखळा हलवायचं आणि ओट्यावर ठेवून द्यायचं. मिनिटाभरात वाळू खाली बसते, दोन-तीन तासांत पोयटा म्हणजे बारीक गाळ, आणि चिकण बसायला पूर्ण दिवस लागतो. तीन थर स्पष्ट दिसतात. माझ्या बरणीत चिकणमाती निम्म्याला टेकत होती, जे मला अपेक्षितच होतं, भातासाठी दरवर्षी चिखल करून करून ती तशी होते, पाणी धरून ठेवायला भाताला तेच लागतं पण भेंडीला नाही. पाण्यावर तरंगणारा काळा कचरा बऱ्यापैकी होता, ती कुजलेली मुळं आणि पाला, चांगली खूण. त्याच नमुन्यात एका वाटीत मेथी आणि चवळी पेरून बघितली. मेथी तिसऱ्या दिवशी वर, सरळ, पानं हिरवी. तणनाशक मारलेली माती असेल तर इथेच कळतं, रोपं वाकडीतिकडी होतात किंवा उगवतच नाहीत. मळ्यात हल्ली तणनाशक सर्रास मारतात म्हणून ही टेस्ट चुकवू नका, खर्च शून्य.

आणि थोडा नमुना माती परीक्षणाला पण दिला. रत्नागिरी जिल्ह्यात असाल तर लांज्याचं कृषी विज्ञान केंद्र किंवा दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ, तिथे चौकशी करा. माझ्या मातीचा सामू (पीएच) ५.६ आला, म्हणजे आंबट, आपल्याकडे पाऊस इतका की चुना-बिना सगळं धुऊन जातं त्यामुळे कोकणातली बहुतेक माती अशीच असते. भाजीला सहा ते सातच्या मधला बरा. त्यासाठी थोडा चुना आणि चुलीची राख मिसळली. चुना आणि शेणखत एकाच वेळी टाकू नका एवढंच लक्षात ठेवा, खतातला नत्र अमोनिया होऊन उडून जातो, उग्र वास येतो तो तोच. आधी चुना, मग पंधरा-वीस दिवसांनी खत.

खताचं जरा वेगळं प्रकरण आहे. इकडे गुरं कमी झाली, गोठे रिकामे, त्यामुळे शेणखत मातीपेक्षा महाग. आंबेवाले घाटावरून ट्रकच्या ट्रक मागवतात, कोल्हापूर, कऱ्हाड साइडने, त्यात लेंडीखत पण येतं. अख्खा ट्रक आपल्याला काय करायचाय, पण मोठ्या बागायतदाराचा ट्रक येणार असेल तेव्हा त्यातलं थोडं मागून घेता येतं, ओळख पाहिजे. मी गावातल्याच एका गोठेवाल्याकडून पिकअप भरून घेतलं, ३५०० रुपये, साधारण ५० घनफूट. जुनं पाहिजे, वर्षभर कुजलेलं, हातात घेतलं तर शेणाचा वास यायला नको. अर्धवट कुजलेल्यात हुमणीच्या अळ्या असतात, पांढऱ्या, जाड, इंग्रजी सी सारख्या वाकलेल्या, त्या मुळं खातात आणि झाड उभ्या उभ्या सुकतं. पसरून बघितलं, सापडल्या तेवढ्या कोंबड्यांनी खाल्ल्या. कोंबड्यांकडून ह्या सर्व्हिसला पाच स्टार.

चिकणाचा बंदोबस्त म्हणून भातगिरणीतून तूस आणलं, पोत्याला २० रुपये, ते मिसळलं की माती मोकळी राहते आणि तूस लवकर कुजत नाही. वाफ्याच्या तळाला नारळाची सोडणं उलटी रचली, चार इंचांचा थर, सासूबाईंची आयडिया. त्यांचं म्हणणं असं की माडाच्या आळ्यात सोडणं पुरतात तर भाजीला का नाही. पाणी धरून ठेवतात आणि तेवढी माती कमी लागते, जी माझ्यासाठी जास्त महत्त्वाची गोष्ट होती, चार वाफ्यांत मिळून ६४ घनफूट वाचले! त्याच्यावर आंब्या-काजूचा पातेरा, म्हणजे गळलेला सुका पाला, तो फुकट आणि पाहिजे तेवढा. मग माती, खत, तूस मिसळून भरलं. दीड ट्रॉली-पावणेदोन ट्रॉली माती आणि पिकअपभर खत ह्यात चारही वाफे शीग लावून भरले. शीग लावूनच भरा, पहिल्या पावसात माती पाचवा हिस्सा तरी खाली बसते.

वेळ कधीची? मार्च-एप्रिल. मे महिन्यात सगळ्यांना एकदम आठवण होते आणि मृगाच्या तोंडावर रेटही वाढतात आणि ट्रॅक्टरवाला फोन उचलत नाही. एकदा पाऊस लागला की मळ्यात ट्रॅक्टर रुततो, ओली माती जड होते, आणि ओली चिकणमाती फावड्याला चिकटून गड्यांची अक्षरशः वाट लागते. भरल्यानंतर महिना-दीड महिना नुसती पडू दिली आणि अधूनमधून पाणी मारलं, त्यात जे तण उगवलं ते कोवळं असतानाच काढून टाकलं. लव्हाळ्याची पाती चार-पाच दिसली, ती गाठीसकट खणून काढली, म्हणजे मधली माती मागूनसुद्धा पूर्ण सुटका नाहीच.

पावसाळ्याची मला जास्त धास्ती होती. रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि जुलैमध्ये तर आभाळ फाटल्यासारखा, उघड्या वाफ्याची माती आठ दिवसांत वाहून जाईल. चिऱ्यांच्या कडेत खाली जागोजागी फटी ठेवल्या होत्या त्यातून पाणी निघून गेलं, आणि वर पेंढा अंथरला म्हणून माती राहिली. काकडी, पडवळ आणि दापोलीच्या विद्यापीठाची कोकण तारा कारली, तिन्हींचे वेल माटवावर चढवले. पडवळाने कमाल केली, काकडी ठीकठाक, कारल्याला फळमाशीने त्रास दिला पण तो मातीचा दोष नाही. भेंडीचा वाफा एका कोपऱ्यात जरा पिवळा पडला, तिथे तूस कमी पडलं होतं आणि पाणी साचत होतं, मातीतला चिकण दिसलाच शेवटी. म्हणूनच पाचवा स्टार कापलाय. पाऊस गेल्यावर मात्र ह्या मातीने खरं काम दाखवलं. दिवाळीनंतर लाल माठ, मुळा, मेथी, वाली लावली, आणि मुळा एवढा सरळ आणि लांब की उपटताना मोडला नाही, मळ्याची माती नुसती भुसभुशीत करून टाकली असती तर असा आला नसता, खत आणि तूस मिसळल्याचा फरक आहे तो. थंडीत पाणी एक दिवसाआड पुरतं, जे नणंदेच्या गाळाच्या परसात जमत नाही.

एकूण खर्च: माती ५०००, खत ३५००, गड्यांची मजुरी २८००, तूस-चुना किरकोळ धरून साडेअकरा हजारांच्या आसपास. नर्सरीच्या ४१ हजारांसमोर हे ठेवा. ज्यांचं घर आधीच मळ्याच्या अंगाला आहे, खणलं की फावडं आत जातं, त्यांनी मातीवर एक रुपया खर्च करू नये, खत आणि पातेरा घाला बस. ज्यांना एकच वाफा करायचा आहे त्यांनी शेजाऱ्याबरोबर एक ट्रॉली वाटून घ्या, अर्धी ट्रॉली कोणी आणून देत नाही, दिली तरी भाडं पूर्ण घेतात. आणि छोट्या हत्तीने, म्हणजे छोट्या टेम्पोने, आणतो म्हणणाऱ्याला सांगा की बाबा, त्यात टनभरसुद्धा माती धड नीट येत नाही, तीन-चार खेपांचं भाडं कोण देणार.

उरलेली पाव ट्रॉली माती फणसाच्या बुंध्याशी ढीग घालून, वर झावळ्या टाकून ठेवलीय, वाफे बसले की वरून भर घालायला लागते दरवर्षी, तेव्हा ती कामाला येईल. ट्रॅक्टरवाल्याचा परवाच फोन येऊन गेला, आणखी एका ठिकाणी विहिरीचं काम निघालंय, माती पाहिजे का. म्हटलं बघायला येते, टेप घेऊन.